रिझ्युमे पाठवण्याआधी निदान या चुका टाळा

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रविवारी चहाच्या आधी कुणाचा ना कुणाचा रिझ्युमे येऊन पडतो. "काका, जरा नजर टाका ना, आजच पाठवायचाय." इथल्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, बावीस वर्षं भरतीचं काम केलं, म्हणून हा मान. पोरांच्या चुका मात्र त्याच. पूर्वी सायबर कॅफेत व्हायच्या, आता मोबाइलवर होतात.

सगळ्यात जास्त चीड येते ती उसन्या रिझ्युमेची. मित्राची फाइल घ्यायची, नाव बदलायचं, झालं काम. क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी एकदा आयटीआय झालेला मुलगा आला होता. कागदावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज ही मापाची साधनं आणि प्रत्येकापुढे पाच-पाच तारे. मी टेबलावरचा मायक्रोमीटर आणि एक पिन त्याच्या हातात दिली. पठ्ठ्याने पाना आवळावा तसा थिंबल, म्हणजे त्याची फिरवायची नळी, आवळला. मागे रॅचेट असतं, ते कटकट वाजलं की थांबायचं, हे त्याच्या गावीही नव्हतं. ०.०१ मिलिमीटर दाखवणारं साधन ते, जोर लावला की मापच खोटं येतं. तारे रूममेटच्या फाइलमधले होते, हे त्याने मग स्वतःच सांगितलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्याला पाणी दिलं आणि विचारलं, अप्रेंटिसशिपमध्ये काय करायचास? म्हणाला, "विशेष काही नाही साहेब. आलेली कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बघायचो, ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, दिसला की लाल टॅग बांधून बाजूला, मग रजिस्टरला नोंद." अरे बाबा, आम्हाला हेच तर हवं होतं! वर्षभर रोज दीडशे-दोनशे नग त्याने डोळ्यांखालून घातले होते आणि कागदावर त्याची एक ओळ नाही. तिथे होतं काय, तर 'हार्डवर्किंग, टीम प्लेयर, क्विक लर्नर'.

म्हणून मी आधी लॅपटॉप बंद करायला लावतो. शिफ्ट सुरू झाली की पहिलं काम कोणतं करायचास? बिघाड झाला तर कुणाला सांगायचास? पोरगं बोलत जातं, मी पाठकोऱ्या कागदावर लिहीत जातो. कोणतं मशीन, किती नग, किती महिने. दीड तास जातो, आणि तोवर समोरचा चारदा घड्याळ बघतो. पाच मिनिटांत ॲपवर बनतो म्हणे. बनतो की! एआयला सांगितलं की अख्खी बॅच एका रात्रीत 'रिझल्ट ओरिएंटेड' होते. एकाच दिवशी तसे तीस कागद वाचून बघा, मग कळेल.

बाकी किरकोळ. जन्मरास, उंची आणि गोत्र लग्नाच्या बायोडाटात शोभतं, इथे नको. आधार आणि पॅनचा नंबर तर मुळीच नको. 'वरील माहिती खरी आहे' हे प्रतिज्ञापत्र काढून टाका. कोर्टात उभे नाही आहात. फ्रेशरला एक पान पुरतं.

पुण्याला अर्ज करणाऱ्यांनी 'एमएसयू' एवढंच लिहून भागत नाही, महाराजा सयाजीराव विद्यापीठ, वडोदरा असं पूर्ण लिहा. कलाभवन म्हणजे तिथली इंजिनिअरिंगची शाखा, 'कलाभवनला शिकलो' म्हटलं की आपल्याकडे मान डोलावतात. तिकडच्या एचआरला कलाभवन म्हणजे नाटकाचं थिएटर वाटेल.

दोन कॉलमची रंगीत टेम्प्लेटं मला आवडत नाहीत, आणि यात नुसती माझी आवड नाही. पुष्कळ पोर्टलं फाइलमधला मजकूर ओढून घेतात, तेव्हा डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या ओळीला जाऊन चिकटू शकते. पीडीएफ उघडा, सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे क्रम नीट वाचता आला तर पाठवा.

आणि फोन नंबर. हसू नका. एका मेंटेनन्स फिटरचा कागद आम्हाला इतका आवडला की मुलाखतीच्या यादीत तो पहिला होता. त्याने सिमकार्ड बदललं होतं, रिझ्युमेवर नंबर जुनाच. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ लावला. ईमेल टाकला, तो परत आला. तिसऱ्या दिवशी यादीतल्या दुसऱ्याला फोन केला, त्याने पहिल्या रिंगला उचलला.