उन्हाळ्यात बोअरच्या मोटरवर ड्राइव्ह: जोडणी, सेटिंग आणि बिघाड

मार्चनंतर बोअरचं पाणी खाली जातं, मोटर थोडा वेळ चालून पाणी तोडते आणि कोरडी फिरते. व्हीएफडी ड्राइव्ह (विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे हर्ट्झ, बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारी पेटी) लावला की वेग कमी करून बोअरच्या झऱ्याइतकंच पाणी उचलता येतं. पण वेग किती कमी करायचा, याला मर्यादा आहे.

ड्राइव्ह घेताना एचपी नव्हे, अँपियर बघा. पाणबुडी मोटर तेवढ्याच एचपीच्या साध्या मोटरपेक्षा जास्त करंट घेते, त्यामुळे बहुधा एक साइज मोठा ड्राइव्ह लागतो.

लाइन ड्राइव्हच्या आर-एस-टी टर्मिनलला, मोटर यू-व्ही-डब्ल्यू टर्मिनलला. उलट जोडलं तर ड्राइव्ह गेलाच म्हणून समजा. जुना कपॅसिटर आणि स्टार्टर मधून काढून टाका. केबल ५० मीटरपेक्षा लांब असेल तर आउटपुटला चोक (व्होल्टेजची उसळी दाबणारी कॉइल) बसवा आणि कॅरियर फ्रिक्वेन्सी (ड्राइव्ह आतून ज्या वेगाने स्विच होतो ती) २ ते ४ किलोहर्ट्झ ठेवा. नाहीतर लांब केबलमध्ये मोटरच्या टोकाला व्होल्टेज उसळतं आणि वाइंडिंग फुटतं.

नेमप्लेटवरचे व्होल्ट, अँपियर, आरपीएम आणि ५० हर्ट्झ जसेच्या तसे भरा. किमान फ्रिक्वेन्सी ३० हर्ट्झ ठेवा आणि तिथपर्यंत मोटर एक-दोन सेकंदांत पोचू द्या. त्याखाली थ्रस्ट बेअरिंगमधला (पंपाचा खालचा दाब पेलणारं बेअरिंग) पाण्याचा थर टिकत नाही, बेअरिंग घासतं.

मात्र ३० हर्ट्झवर पाणी येईलच असं नाही. हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो ते, वेगाच्या वर्गाने घटतं. बंद कॉकवर १०० मीटर हेड देणारा पंप ४० हर्ट्झवर ६४ मीटरच देतो. पाणी ७० मीटरवर असेल तर मोटर फिरेल, पाइप कोरडा राहील आणि मोटर तापेल. म्हणून ५० पासून एकेक हर्ट्झ उतरवा. धार मंदावून तुटायला लागली की दोन हर्ट्झ वर या. तीच तुमची खरी किमान फ्रिक्वेन्सी. पाणी आणखी उतरलं की पुन्हा बघा.

कोरडी मोटर बंद पडण्यासाठी अंडरलोड (करंट फार घटला की मोटर बंद करणारं सेटिंग) लावा. ठरलेल्या हर्ट्झवर भरल्या धारेचा करंट वाचा आणि त्याच्या ७५-८० टक्क्यांवर ट्रिप ठेवा. ५० हर्ट्झचा आकडा धरला तर कमी वेगावर मोटर विनाकारण बंद पडत राहील.

सुरू होताच ओव्हरकरंट आला तर लाइन बंद करा, दहा मिनिटं थांबा (आतले कपॅसिटर भरलेले असतात), यू-व्ही-डब्ल्यू सोडवा आणि ड्राइव्ह रिकामा चालवा. तरीही ओव्हरकरंटच आला तर दोष ड्राइव्हमध्ये. नाही आला तर केबलचा जोड किंवा मोटर. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायचा तो वायर ड्राइव्हपासून सोडवूनच, नाहीतर ड्राइव्हही जातो.

अंडरव्होल्टेज आलं तर डीसी बस (ड्राइव्हच्या आतलं डीसी व्होल्टेज) बघा. ४१५ व्होल्टला ती ५८५ च्या आसपास असते. फारच खाली असेल तर आधी डीपीवरचा फ्यूज तपासा.

दुपारीच ओव्हरहीट येत असेल तर पत्र्याची पेटी सावलीत हलवा आणि पंखा उघडून बघा. धूळ तर असतेच. पण कुंभारीण माशीने जाळीत मातीचं घर बांधलेलं हमखास सापडतं.

नवीन जोडणीनंतर धार बारीक आली तर मोटर उलटी फिरत असेल. यू-व्ही-डब्ल्यूपैकी दोन वायर अदलाबदल करा. लाइनच्या बाजूला फेज बदलून काही होत नाही.