हरणाच्या हंगामाआधीची तयारी: कॅम्पमधल्या थट्टेतून निघालेली यादी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि आदल्या रात्री जंगलाकडेच्या केबिनमध्ये आळशी शिकाऱ्यांची थट्टा रंगते. नऊ वाजता उठून ‘यंदा हरणेच नाहीत’ असे ठरवणारा, दुसऱ्याने घाम गाळून बांधलेल्या मचाणावर आयत्या बिळावरच्या नागोबासारखा जाऊन बसणारा, मचाणावर घोरणारा, हीटर लावून गाडीतूनच हरीण शोधणारा, ही पात्रे दरवर्षी तीच असतात. या थट्टेत मीही मनापासून हसतो. पण त्यातल्या प्रत्येक विनोदामागे एक राहून गेलेले काम असते आणि त्या कामाची किंमत बहुतेक वेळा हरणाला मोजावी लागते, हे एव्हाना पक्के कळून चुकले आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी असल्याने आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हे शिकवणारे वडीलधारे माणूस नाही. इथे नव्याने शिकारीला जाऊ लागलेल्या मराठी मित्रांसाठी म्हणूनच ही तयारीची यादी लिहीत आहे.

पहिली थट्टा असते ती शुक्रवारी रात्री परवाना काढायला धावणाऱ्याची. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार आपल्या लोकांना विशेष महागात पडू शकतो. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला, अनुभवी शिकाऱ्याच्या देखरेखीखाली शिकण्याची सवलत सोडल्यास, सुरक्षित शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय इथे परवाना मिळत नाही. त्यामुळे या अभ्यासक्रमाची नोंदणी उन्हाळ्यातच करावी. एच-1बीसारख्या व्हिसावर असलेल्यांनी तर हे काम यादीत सर्वांत वर ठेवावे. अशा व्यक्तीला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एरवी बंदूक जवळ बाळगता येत नाही आणि वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. परवाना हातात येईपर्यंत मित्राची रायफल सरावापुरतीसुद्धा हातात घेऊ नये.

रायफलचा नेम हंगामाच्या किमान तीन आठवडे आधी, ज्या गोळ्या शिकारीला वापरायच्या त्याच गोळ्यांनी, शंभर यार्डांवर तपासावा. ‘गेल्या वर्षी बरोबर लागत होता’ ही लंगडी सबब आहे. गाडीच्या डिकीत खाल्लेला एखादा धक्का दुर्बीण सरकवायला पुरेसा असतो आणि कागदावर चार इंच सरकलेला नेम हरणाच्या अंगावर फुप्फुसाऐवजी पोटात गोळी घालतो. कागदावर तीन गोळ्या एकमेकींजवळ पडल्या की टेबल सोडून गुडघ्यावर बसून आणि उभे राहूनही मारून पाहावे, कारण जंगलात टेबल नसते. ज्या अंतरावर गोळ्या हव्या तिथे पडेनाशा होतात, ते आपले अंतर समजावे आणि त्याच्या पलीकडच्या हरणावर बंदूक उचलू नये.

मचाणाच्या बाबतीत मात्र थट्टा थांबवून कामालाच लागावे. मचाण झाडाला बांधणारे, वर्षभर तसेच राहिलेले पट्टे ऊन-पावसाने कुजतात, खारी ते कुरतडतात आणि वाढत्या खोडाने ते आतून ताणले जातात. ऑक्टोबरमध्ये दिवसाउजेडी जाऊन प्रत्येक पट्टा बोटांनी चाचपावा. धागा सुटलेला लागला तर तो पट्टा घरी नेऊ नये, तिथेच कापून टाकावा, म्हणजे कुणी पुन्हा वापरणार नाही. माणसे बहुतेक वेळा चढता-उतरतानाच पडतात. म्हणून सर्वांगाला बांधायचा हार्नेस जमिनीवरच चढवावा, वरून सोडलेल्या दोरीला तो पहिल्या पायरीआधीच अडकवावा आणि शिडीवर दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय असे तीन आधार कधीही सोडू नयेत. बंदूक पाठीला लावून चढू नये. ती रिकामी करून दोरीने वर ओढून घ्यावी. आपण कोणत्या झाडावर आहोत आणि किती वाजता उतरणार आहोत, हे केबिनमधल्या कुणाला तरी कागदावर लिहून द्यावे. मचाणावर डुलकी लागणाऱ्याचे विनोद चवीने सांगितले जातात, पण उणे सात-आठ अंशांत चार तास बसलेल्या माणसाला पेंग येतेच, आणि त्या क्षणी त्याला झाडाशी धरून ठेवणारा तो एक पट्टाच असतो.

कपड्यांचा नियम थोडक्यात सांगता येतो. कमरेच्या वरच्या बाह्य कपड्यांपैकी किमान निम्मा भाग भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी असावा लागतो आणि टोपी घातली तर तिलाही तोच नियम लागू होतो. थंडीने कुडकुडून वरून काळे जाकीट चढवणारा माणूस हा नियम आपल्या हाताने मोडतो. नारिंगी बंडी सर्वांत वरच असावी.

गाडीतून शिकार शोधणाऱ्यांविषयी मला खरोखर राग आहे. उंटावरून शेळ्या हाकण्याची ही सवय नुसती आळशी नाही. अपंगांसाठीचा विशेष परवाना सोडल्यास वाहनातून गोळी झाडणे बेकायदा आहे आणि रायफल गाडीत रिकामीच असावी लागते. त्यावर उपाय म्हणजे ऑक्टोबरातले दोन शनिवार पायी हिंडण्यासाठी राखून ठेवणे. ओकची फळे कुठे पडली आहेत, नराने शिंगे घासून कोणत्या कोवळ्या खोडांची साल सोलली आहे, दलदलीतून शेताकडे जाणारी वाट कुठली, हे पाहून वहीत टिपावे. त्याच फेरीत शेजारच्या जमिनीच्या मालकांना भेटून यावे. जखमी हरीण कुंपण पाहून थांबत नाही आणि परवानगीशिवाय आपल्याला पलीकडे जाता येत नाही. एरवी ओळख नसलेल्या माणसाचे दार रात्री आठ वाजता रक्ताळलेल्या हातांनी ठोठावण्यापेक्षा आधी चहाच्या वेळी जाऊन दोन शब्द बोलणे केव्हाही बरे.

गोळी झाडल्यानंतरची तयारी या यादीत सर्वांत मोठी असायला हवी, कारण आळस सर्वांत निर्दय होतो तो इथेच. ‘चुकली वाटते’ म्हणून थर्मास उघडणाऱ्याची थट्टा होते, पण गोळी लागलेले हरीणही अनेकदा काहीच न झाल्यासारखे उड्या मारत निघून जाते. खिशात नारिंगी फिती, कपाळावर बांधायची विजेरी, तिचे जादा सेल आणि होकायंत्र ठेवावे. हरीण शेवटचे दिसले ती जागा मचाणावरूनच एखाद्या झाडाच्या खुणेने मनात पक्की करावी आणि किमान अर्धा तास थांबून मगच उतरावे. त्या जागी गुडघ्यावर बसून पाने एकेक करून उलटावीत. एका संध्याकाळी मला पहिला थेंब ओकच्या तपकिरी पानाच्या खालच्या बाजूला सापडला, मोहरीएवढा, दंवाने कडेला गोठलेला. उभे राहून शोधणाऱ्या दोघांच्या बुटांखालून तो निसटला होता. फेसाळ, उजळ तांबडे रक्त फुप्फुसाचे असते आणि असे हरीण बहुधा जवळच सापडते. हिरवट-तपकिरी, दुर्गंधी येणारा द्रव दिसला तर गोळी पोटात लागली आहे असे समजून आल्या पावली मागे फिरावे आणि सहा-आठ तास थांबावे. लगेच पाठलाग केला तर ते आडवे झालेले हरीण उठून मैलभर जाते आणि रात्रभर तडफडत राहते. माग हरवला तर साखळीने धरलेल्या कुत्र्याची मदत इथे कायद्याने घेता येते. असा कुत्रा असलेल्या जवळच्या माणसाचा फोन नंबर हंगामाआधीच मिळवून ठेवावा.

बोथट सुरी आणि ‘जरा ओढायला या रे’ ही हाक, हे कॅम्पमधले शेवटचे विनोद. सुरीला आदल्या आठवड्यात धार लावावी, सोबत रबरी हातमोजे, दोरी आणि बर्फात ओढायची प्लास्टिकची घसरगाडी घ्यावी आणि आतडी-कोठा तिथेच काढून अंग लवकर थंड होऊ द्यावे. हरीण सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे. ती ऑनलाइन किंवा फोनवरही होते, त्यामुळे सबबीला जागा नाही.

मांसाच्या पाकिटांसाठी फ्रीजरमध्ये एक वेगळा कप्पा आधीच मोकळा करून ठेवावा. विस्कॉन्सिनच्या रानटी हरणांमध्ये 2002 साली मेंदू पोखरणारा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा आजार प्रथम आढळला. तो प्रिऑन नावाच्या विकृत प्रथिनामुळे होतो, शिजवल्याने ते नष्ट होत नाही आणि सुरुवातीला हरीण दिसायला अगदी धडधाकट असते. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरीही आजारी हरणाचे मांस खाऊ नये असाच आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. मानेतल्या लसिकाग्रंथींचा नमुना तपासणीला द्यावा, प्रत्येक पाकिटावर तारीख आणि नमुन्याचा क्रमांक लिहावा आणि एकाहून जास्त हरणे असतील तर त्यांचे मांस एकत्र मिसळू नये. निकाल यायला साधारण दोन आठवडे लागतात; तोवर पाहुण्यांना मटणाचे आमंत्रण देऊ नये.