चित्र काढायची इच्छा आहे पण सुरुवातच होत नाहीये? असं करून बघा

"मला चित्रकला अजिबात येत नाही, पण काढावंसं खूप वाटतं" असं म्हणणारे लोक मला सारखे भेटतात आणि पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, कोणीतरी जरा प्रोत्साहन द्यायला हवं. अहो पण काय बघून देणार? कागद कोरा असेल तर समोरचा बोलणार तरी काय! म्हणून आधी चार रेघा येऊ द्या, वाकड्या आल्या तरी चालतील.

महागडं सामान आत्ता नको. भारी स्केचबुक घेतलं की पहिलं पान खराब होईल या धास्तीनेच ते कपाटात पडून राहतं. पाठकोरे कागद, एक एचबी (नेहमीची) पेन्सिल आणि सावलीसाठी एक ४बी (जास्त मऊ, गडद उमटणारी), बास.

आता हा प्रकार नक्की करा. स्वतःचा मोकळा हात टेबलावर ठेवा, पेन्सिल कागदावर टेकवा आणि नजर फक्त हाताच्या कडेवर ठेवा, कागदाकडे बघायचंच नाही. डोळा जितका हळू सरकेल तितकीच हळू पेन्सिल, अंगठ्याच्या पेराशी कड जरा आत वळते, नखापाशी परत बाहेर येते, सगळं तसंच टिपत जायचं. चित्र वेडंवाकडंच येणार, सगळ्यांचं येतं, आणि म्हणूनच "चांगलं आलं पाहिजे" हे ओझं उतरतं. शिवाय नीट बघायची सवय लागते, जे मला हाताच्या सफाईपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. कपाचं तोंड गोल असतं हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं म्हणून आपण गोल काढतो आणि चित्र फसतं, खुर्चीत बसून बघा, ते चपटं लंबगोल दिसतं.

मग दाखवायचं कुणाला? सगळ्यांना नको. सुरुवातीला एकच माणूस निवडा, ज्याला तुमच्याबद्दल आपुलकी आहे आणि जो पाच मिनिटं शांतपणे बघेल. "कसं झालंय?" विचारलंत तर "छान" एवढंच ऐकायला मिळेल आणि त्याने काही पोट भरत नाही. त्यापेक्षा विचारा, "यात तुझी नजर आधी कुठे गेली?" किंवा "कुठला भाग खरा वाटतोय?" अशी उत्तरं पुढच्या चित्रालाही उपयोगी पडतात.

असा एक माणूस किती फरक पाडू शकतो त्याचं उदाहरण म्हणजे रवींद्रनाथ टागोर. कवितांच्या वहीत खोडलेले शब्द जोडत जोडत ते आकार काढायचे, १९२४ साली अर्जेंटिनात असताना तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी ती वही बघितली आणि त्यांना ते आकार फार आवडले. १९३० मध्ये पॅरिसला टागोरांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं तेही ओकाम्पोंच्याच खटपटीमुळे. तेव्हा टागोर सत्तरीच्या उंबरठ्यावर होते, त्यामुळे "आता वय झालं" हे कारण मी तरी मानत नाही.

इंटरनेटवरच्या तयारीच्या कलाकारांशी तुलना तेवढी टाळा, तिथे फसलेली चित्रं सहसा कोणी टाकत नाही.

आणि हो, प्रत्येक कागदावर तारीख टाका, आवडला नाही तरी फाडू नका. महिन्याभराने तीच वस्तू पुन्हा काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा, काय सुधारलं ते कोणाला विचारावं लागणार नाही.