प्रोस्टेट कर्करोगात पूरक औषधे घेणार असाल, तर आधी पीएसएची फसगत समजून घ्या

प्रोस्टेटचा कर्करोग बहुतेकदा सावकाश वाढतो, आणि पूरक औषधांबाबतची निम्मी गफलत तिथूनच सुरू होते. वर्षभर एखादा अर्क घेतला, पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारे प्रथिन; कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठी त्याची रक्तातली पातळी मोजतात) फारसा हलला नाही, की श्रेय अर्काला मिळते. तो घेतला नसता तरी आकडा कदाचित तिथेच राहिला असता. उलट पीएसए खाली आला म्हणजे गाठ आटोक्यात आली, असेही नाही. अमेरिकेत पीसी-स्पेस नावाचे आठ वनस्पतींचे मिश्रण विकले जायचे. त्याने पीएसए खरोखर उतरायचा. 2002 मध्ये ते बाजारातून काढले गेले, कारण तपासणीत त्यात डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन), रक्त पातळ करणारे वॉरफरिन आणि वेदनाशामक इंडोमेथासिन सापडले. म्हणजे रुग्ण नकळत हार्मोनची गोळी घेत होते आणि सोबत रक्तस्रावाचा धोकाही.

म्हणून पहिले काम यादीचे. जे काही पोटात जाते ते सगळे लिहा: नाव, उत्पादक, एका गोळीत किती मिलिग्रॅम, दिवसाला किती, कधीपासून, कशासाठी. लेबलच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. ‘मालकीचे मिश्रण’ असे लिहून घटकांचे प्रमाण न देणारी बाटली सरळ बाजूला ठेवा. तिचा परिणाम कुणालाच तपासता येणार नाही. यादी कर्करोगतज्ज्ञ आणि फार्मासिस्ट दोघांना दाखवा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेली गोळीच पुढे घात करते.

नवे काही सुरू करण्यापूर्वी पीएसए, यकृताच्या चाचण्या, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) आणि पोटॅशियम करून घ्या. एका वेळी एकच गोष्ट सुरू करा. तीन बाटल्या एकदम उघडल्या, तर त्रास कुणामुळे झाला हे कळायला मार्ग उरत नाही. साधारण चार ते सहा आठवड्यांनी यकृताची चाचणी पुन्हा करा. हळद-मिरी अर्काच्या आणि अश्वगंधाच्या कॅप्सूलांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अंगाला खाज सुटली, तर कॅप्सूल त्याच दिवशी थांबवून डॉक्टर गाठा. अश्वगंधाला इथे आणखी एक हरकत आहे: ती काही पुरुषांत टेस्टोस्टेरॉन वाढवते, आणि हार्मोन उपचार तर तेच खाली आणण्यासाठी चाललेला असतो.

पीएसए दर वेळी त्याच प्रयोगशाळेत करा. आधीचे दोन दिवस वीर्यस्खलन आणि सायकल टाळा. लघवीचा संसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत चाचणी पुढे ढकला. केस-नखांच्या गोळ्यांमधले बायोटिन फार कमी जणांच्या लक्षात येते. त्यांत बहुधा 5 ते 10 मिलिग्रॅम बायोटिन असते. रोजची गरज मात्र सुमारे 30 मायक्रोग्रॅम. काही यंत्रांवर त्यामुळे पीएसए खोटाच कमी दिसतो. चाचणीपूर्वी निदान तीन दिवस ते बंद ठेवा आणि प्रयोगशाळेला सांगा. तुम्ही देखरेखीवर असाल (म्हणजे लगेच उपचार न करता नियमित तपासण्या चालू असतील), तर आकडा घटला म्हणून ठरलेली बायोप्सी किंवा एमआरआय चुकवू नका.

आता जे टाळायचे ते. व्हिटॅमिन ई: 35 हजारांहून अधिक पुरुषांवरच्या सिलेक्ट चाचणीत रोज 400 आययू (व्हिटॅमिन मोजण्याचे एकक) घेणाऱ्या निरोगी पुरुषांत प्रोस्टेट कर्करोग 17 टक्क्यांनी अधिक आढळला. शरीरात आधीच भरपूर सेलेनियम असलेल्यांनी ते वरून घेतल्यावर आक्रमक प्रकाराचा धोका वाढला. सॉ पाल्मेटो हा वनस्पतीचा अर्क मूत्रमार्गाच्या तक्रारींसाठी घेतला जातो, पण मोठ्या चाचण्यांत तो औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलेला नाही, पैसे वाचवा. धातूंची भस्मे असलेल्या औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघू शकते, तीही नकोत.

औषधांशी होणारी टक्कर जास्त धोक्याची. ॲबिराटेरोन (हार्मोन उपचारातली गोळी) घेणाऱ्याने ज्येष्ठमधाचा काढा किंवा अर्क घेऊ नये. ते औषध रक्तदाब वाढवू शकते आणि पोटॅशियम उतरवू शकते. ज्येष्ठमधही नेमके तेच करते. दोन्ही जुळले, तर हृदयाची लय बिघडण्यापर्यंत गोष्ट जाते. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर घेतली जाणारी वनस्पती यकृतातली विकरे वाढवून ॲबिराटेरोन आणि डोसेटॅक्सेल (केमोथेरपीचे औषध) दोन्हींची रक्तातली पातळी घटवू शकते. लसूण, गिंको आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल रक्त पातळ करू शकतात. बायोप्सी किंवा शस्त्रक्रियेच्या आधी एक-दोन आठवडे त्या थांबवण्याबद्दल शल्यचिकित्सकाला विचारा. डॉक्टरांनी लिहून दिलेली रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. रेडिएशन चालू असताना अँटिऑक्सिडंटचे मोठे डोस नकोत.

मग उपयोगी काय? सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचा आहे, आणि तो बाटलीत मिळत नाही. हार्मोन उपचाराने स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात. आठवड्याला 150 मिनिटे भरभर चालणे (बोलता यावे, गाता येऊ नये इतक्या वेगाने) आणि दोन दिवस वजनांचा व्यायाम, एवढे लक्ष्य ठेवा. कॅल्शियम आहार आणि गोळी मिळून दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम पुरते; आहारातून किती जाते हे आधी मोजा, मग उरलेलेच गोळीतून घ्या. व्हिटॅमिन डी साधारण 800 ते 1000 आययू. हाडे मजबूत ठेवणारे डेनोसुमॅबचे इंजेक्शन चालू असेल, तर रक्तातले कॅल्शियम आधी तपासून घ्या. अंगात उसळणाऱ्या गरम लाटांसाठी ॲक्युपंक्चर काहींना उपयोगी पडते, पण प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी कमी असताना सुया टोचून घेऊ नका. योगासनांनी रेडिएशनमधला थकवा कमी होऊ शकतो.

कर्करोग हाडांत पसरला असेल, तर पुढे वाकवणारी आणि मणका पिळणारी आसने, जोराचे मालिश आणि मणका ‘बसवून’ घेणे बंद. पाठ नव्याने दुखू लागली, पायांतली शक्ती कमी झाली किंवा लघवी अडली, तर तेल चोळत बसू नका. मज्जारज्जूवर दाब आला असू शकतो. तासाभराचीही वाट न पाहता रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.