परसातली वाढलेली झाडे: कोयता कधी आणि कुठे चालवावा

आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, कामे सुरू झाली की कोकणात घरोघरी कोयत्याला धार लागते. कौलांवर टेकलेली आंब्याची फांदी, पाणंदीत आलेली जास्वंद, दगडी गडग्यावरून पलीकडे झुकलेली कुंपणाची कोयनेल, हे सगळे मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदाच छाटून मोकळे व्हायचे, अशी आपली रीत आहे. मात्र मोठ्या छाटणीसाठी याहून वाईट वेळ नाही, कारण त्यानंतर चार महिने ओला राहणारा घाव बुरशीला आयताच सापडतो आणि वरून भरून येण्याआधी आतून कुजू लागतो. म्हणून आगोटीला फक्त वाळलेल्या, मोडक्या आणि छपराला धोका असलेल्या फांद्या काढाव्यात. जिवंत, जाड फांद्यांचे काम पाऊस ओसरल्यावर, नवरात्र ते दिवाळीच्या सुमारास हाती घ्यावे.

दाट कुंपणात हात घालण्यापूर्वी लांब काठीने ते बुंध्यापासून हलवून घ्यावे. जांभ्याच्या फटीत आणि पाचोळ्याखाली फुरसे असते, हिरव्या फांदीवर चापडा (हिरवा विषारी साप) असला तर तो फांदीसारखाच दिसतो. त्यामुळे गमबूट आणि जाड हातमोजे हवेतच. आत बुलबुलाचे घरटे आढळले तर तेवढा भाग पिल्ले उडेपर्यंत राहू द्यावा.

कुंपण छाटताना ते खाली रुंद आणि वर थोडे निमुळते ठेवावे. वरचा भाग रुंद झाला की खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि दोन-तीन वर्षांत कुंपणाच्या तळाशी नुसत्या काटक्या उरतात. कोयनेल, मेहंदी आणि जास्वंद जुन्या लाकडातूनही फुटतात, त्यामुळे त्यांची उंची निम्म्यावर आणली तरी चिंता नसते. मोरपंखीचे तसे नाही: हिरव्या भागाच्या आत, उघड्या लाकडापर्यंत कापले तर तिथे पुन्हा पालवी येत नाही.

फुलझाडांमध्ये फार माजलेल्या झुडपाचे सर्वांत जुने, जाड असे एक तृतीयांश दांडे जमिनीलगत काढावेत आणि उरलेले पुढच्या दोन वर्षांत, म्हणजे झुडूप नवे होते आणि अंगण उघडे पडत नाही. मोगऱ्याची छाटणी डिसेंबरच्या सुमारास करावी.

झाडाच्या मोठ्या फांदीसाठी कोयता बाजूला ठेवून करवत घ्यावी. हे मी नुकसान सोसून शिकलो. आमच्या विहिरीजवळच्या आंब्याची मांडीएवढी फांदी मी वरूनच तोडत गेलो. ती अर्धी तुटताच स्वतःच्या वजनाने खाली आली आणि खोडाची हातभर साल सोलून घेऊन गेली. त्या जागी पुढे खोडकिडा शिरला. तेव्हापासून मी तीन काप देतो. पहिला काप खोडापासून सुमारे फूटभर अंतरावर, खालच्या बाजूने, फांदीच्या एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून, ज्याने फांदी साल न सोलता गळून पडते. आणि तिसरा उरलेल्या खुंटाला. फांदी खोडाला मिळते तिथे सुरकुतलेली, किंचित फुगीर मान असते. शेवटचा काप त्या मानेच्या लगेच बाहेर द्यावा. घाव भरून काढणारी साल तिथूनच वाढते, म्हणून मान कापू नये आणि पुढे खुंटही ठेवू नये.

मोठ्या घावाला बोर्डो पेस्ट हे बुरशीनाशक लावावे. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्धा लिटर पाण्यात विरघळवून, चुना निवल्यावर दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत एकत्र ढवळावे. लोखंडी सुरी बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना आणखी घालावा. पेस्ट त्याच दिवशी वापरावी.

आंब्याचा शेंडा सपाट छाटण्याचा मोह टाळावा. मोहोर पक्व काडीच्या टोकाला येतो, म्हणून सगळी टोके गेली की त्या वर्षीचे फळही गेले. त्याऐवजी मधली एखादी सरळ वर गेलेली फांदी, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आणि बांडगूळ काढावे. एका वर्षात पाव भागाहून जास्त पाला घालवू नये. अशा विरळणीने ऊन आत पोहोचते आणि वारा झाडातून आरपार जातो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले, तेव्हा बागाच्या बागा आडव्या झाल्या. तशा वाऱ्यापुढे छाटणीची हमी कोणी देऊ नये, पण घरावर झुकलेली, एका बाजूला जड झालेली फांदी आधीच हलकी केलेली बरी.

फणसाच्या खोडावरचे आखूड फुटवे खरवडू नयेत, कारण फळ तिथेच धरते. माडाचे हिरवे झाप तोडू नयेत, प्रत्येक झापाच्या बगलेत पोय (फुलोरा) असते. विजेच्या तारेजवळची फांदी वीज कंपनीला कळवूनच काढावी. आंबा, फणस किंवा साग मुळापासून तोडायचा असेल तर १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्यानुसार परवानगी लागते; शहरी हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे, म्हणून तिथे मोठ्या छाटणीपूर्वीही नगरपालिकेत विचारून घ्यावे.

छाटलेला पाला जाळू नये. गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) तर मुळीच नाही, त्यात नत्र भरपूर असते; तो माडाच्या आळ्यात, बुंध्यापासून थोडा दूर पसरून वर मातीचा थर द्यावा. जाड फांद्या चुलीसाठी तोडून पडवीत रचाव्यात, मात्र खोडकिड्याची छिद्रे असलेले लाकूड आधी वेगळे काढून लगेच जाळावे.