फास्ट पॉवर मेटलचा आवाज घरच्या सेटअपवर कसा काढायचा

पॉवर मेटल, म्हणजे वेगवान ड्रम आणि मोठ्या सुरेल कोरसचं हेवी मेटल, करायचं म्हटलं की पोरं आधी टेम्पो २२० ला (मिनिटाला २२० बीट) नेऊन ठेवतात आणि मग सगळेच पळत सुटतात, गिटारवाला पळतोय, गाणारा पळतोय, कीबोर्डवाला तर विचारूच नका, आणि ऐकणाऱ्याला नुसता कालवा. या म्युझिकमधे पळायचं काम खरं तर ड्रमरच्या पायांचं, वरची मेलडी निवांत हवी. हॅलोविन बँडचं १९८८ चं ईगल फ्लाय फ्री लावा आणि कोरसला बाकी सगळं सोडून फक्त गायक मायकल किस्के ऐका, खाली एवढा दंगा चाललाय पण हा बाबा आरामात सूर लांबवतोय. जोर तिथून येतो.

तर सुरुवात ड्रमपासून. टेम्पो २०० ठेवा, ड्रॅगनफोर्स बँडचं गिटार हीरो या व्हिडिओ गेममुळे गाजलेलं थ्रू द फायर अँड फ्लेम्स पण त्याच स्पीडला आहे. किकला (पायाने वाजणारा मोठा ड्रम) सलग सोळावे ठोके, म्हणजे एका बीटला चार, आणि स्नेअर (काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) दुसऱ्या-चौथ्या बीटवर. म्हणजे सेकंदाला तेरा किक झाल्या, प्रत्येक पायाला साधारण साडेसहा, त्यामुळे रॉकची मोठी घुमणारी किक इथे टाकली की सगळा चिखल होतो. आवाजाची शेपूट कापा, एकदम खालचा बेस कमी करा, आणि ४ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं वाढवा म्हणजे बीटरची (किकवर आपटणाऱ्या दांड्याची) टिकटिक कळेल. ड्रम कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम करत असाल तर सगळे ठोके १२७ वर (म्हणजे जास्तीत जास्त जोरावर) ठेवू नका प्लीज, टाइपरायटर वाटतो, डाव्या पायाचे ठोके जरासे हलके करा.

गिटारला गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) वाटतो त्यापेक्षा कमी लागतो. पटत नसेल तर तोच रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) गेन निम्मा करून वाजवा, पाम म्यूटचा (तळहाताने तारा हलक्या दाबून वाजवलेला) प्रत्येक ठोका सुटा ऐकू येईल. १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, ती जागा बेस आणि किकची. रिफ दोनदा वेगळा वाजवून एक टेक पूर्ण डावीकडे एक उजवीकडे टाका, कॉपी पेस्ट केलं तर आवाज फक्त मोठा होतो, रुंद होत नाही. पिकिंग मनगटातून. १२० ला क्लिकवर (मेट्रोनोमवर) सुरू करून पाच-पाचने वाढवा, हात कोपरापर्यंत ताठ व्हायला लागला की तिथेच थांबून खाली या.

व्होकलला कोरसमधे दोन-तीन टेक एकावर एक आणि थर्डने (स्केलमधे दोन सूर) वर एक हार्मनी, बस एवढंच. रिव्हर्ब घाला पण प्रीडिले (रिव्हर्ब सुरू व्हायच्या आधीची छोटीशी गॅप) ठेवून, नाहीतर शब्द बुडतात.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट, कोरसच्या आधी हात आखडता घ्या. एक बार ड्रम बंद, किंवा स्नेअर तिसऱ्या बीटवर टाकून हाफ टाइम (वेग निम्मा झाल्याचा भास), आणि मग परत पूर्ण स्पीड, टेम्पो तोच असून गाणं अंगावर येतं. व्हर्स एक-दोन डीबी खाली ठेवा आणि मास्टरवर (सगळ्या मिक्सवर) लिमिटर, म्हणजे मोठे आवाज दाबणारं टूल, दाबून धरू नका, नाहीतर ही सगळी मेहनत सपाट. शेवटच्या कोरसला पट्टी एक सूर वर न्यायची आयडिया घासून गुळगुळीत झालीय, तरी मी नेतोच, गाणारा शिव्या घालतो ते वेगळं.

मिक्स झाला की फोनच्या फालतू स्पीकरवर लावा. किक सुटी ऐकू येत नसेल तर परत ४ किलोहर्ट्झकडे जा.