टोकियोत राहायला गेल्यावर आपल्या आळीशी ओळख कशी करून घ्यावी

नोकरीच्या निमित्ताने दोन-तीन वर्षांसाठी टोकियोला जाणारी अनेक मराठी कुटुंबे आसाकुसाचे सेन्सोजी मंदिर, शिबुयाचा चौक आणि फुजी पर्वत पाहून परततात, पण शेजारच्या दारामागे कोण राहते हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही. टोकियोची संस्कृती प्रेक्षणीय स्थळांपेक्षा आळीच्या रोजच्या व्यवहारात अधिक सापडते, आणि त्या व्यवहारात शिरण्याची वाट लहानसहान जबाबदाऱ्यांमधून जाते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून सुरुवात सहलींपासून न करता घरापासून करावी.

भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती एदोगावा वॉर्डातील निशी-कासाई परिसरात आहे. 2000 सालच्या सुमारास संगणक क्षेत्रातील अभियंते येथे येऊ लागले. तोझाई मार्गावरील गाडीने ओतेमाचीच्या कार्यालयांत थेट पोहोचता येते, ही मोठी सोय होती. याच वॉर्डाच्या सभागृहात 2019 साली मराठी वंशाचे योगेंद्र पुराणिक निवडून आले. मुले लहान असतील तर पहिले वर्ष अशा वस्तीत काढणे शहाणपणाचे आहे. मात्र आठवड्याचे सर्व सण-समारंभ आपल्याच लोकांत होऊ लागले, तर जपानी शेजार दूरच राहतो. भाड्याच्या घरासाठी यूआर या सार्वजनिक गृहसंस्थेचे पर्याय अवश्य पाहावेत, कारण तिथे घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम, जामीनदार आणि भाडेकराराच्या नूतनीकरणाचे शुल्क यांपैकी काहीच लागत नाही.

नव्या पत्त्यावर राहायला गेल्यापासून 14 दिवसांच्या आत वॉर्ड कार्यालयात निवासाची नोंद करावी लागते. त्याच भेटीत आणखी तीन गोष्टी मागून घ्याव्यात: आपल्या भागाचे कचरा-वेळापत्रक, आपत्तीचा नकाशा आणि स्वयंसेवकांच्या जपानी भाषावर्गांची माहिती. एदोगावा वॉर्डाचा बराच भाग भरतीच्या समुद्रपातळीपेक्षा खाली असल्यामुळे तेथे राहणाऱ्यांनी नकाशा घरी आणून प्रत्यक्ष वाचावा. भाषावर्ग बहुतेक ठिकाणी मोफत किंवा नाममात्र शुल्कात चालतात, आणि शिकवणारे स्वयंसेवक बहुधा त्याच परिसरातले असल्यामुळे आळीतील पहिली खरी ओळख अनेकदा तिथेच होते.

कचऱ्याकडे मात्र किरकोळ बाब म्हणून पाहू नये. शेजारी तुमच्याविषयी पहिले मत बनवतात ते याच गोष्टीवरून. जाळण्याचा कचरा बहुतेक भागांत आठवड्यातून दोनदा, पुनर्वापराचा आठवड्यातून एकदा आणि न जळणारा महिन्यातून दोनदा उचलला जातो. तो आदल्या रात्री नव्हे, तर ठरलेल्या दिवशी सकाळी आठपर्यंत नेमलेल्या जागी ठेवून वर कावळ्यांपासून रक्षण करणारी जाळी नीट ओढायची असते. प्लास्टिकच्या बाटलीचे झाकण आणि वेष्टन काढून ती धुऊन ठेवावी. सकाळच्या या कामात भेटणाऱ्या प्रत्येकाला ‘ओहायो गोझाइमास’ (शुभ सकाळ) म्हणावे, उत्तर पुटपुटते आले तरी म्हणत राहावे.

घर बदलल्यावर दोन्ही बाजूंच्या आणि वरच्या-खालच्या घरी जाऊन छोटासा टॉवेल किंवा खाऊचे पुडके देण्याची जुनी रीत आहे. पाचशे ते हजार येनची वस्तू पुरेशी होते. एकट्या राहणाऱ्यांच्या इमारतींमध्ये ही रीत मागे पडत चालली आहे, पण लहान मुले असलेल्या कुटुंबाने ती पाळलीच पाहिजे, कारण मुलांच्या पावलांच्या आवाजाबद्दलची तक्रार पुढे येण्याआधीच ओळख झालेली असते.

यानंतरची पायरी म्हणजे चोनाइकाई, अर्थात आळीतील रहिवाशांची संघटना. आपल्याकडील गल्लीचे गणेशोत्सव मंडळ आणि सोसायटीची समिती यांची कामे एकत्र केली, तर या संस्थेची साधारण कल्पना येते. वर्गणी अल्प असते आणि सभासदत्व ऐच्छिक असते. सूचनांची फिरती फळी घरोघरी जाते. ती वाचून, खूण करून पुढच्या घरी लगेच पोहोचवावी, मजकूर कळला नाही तरी अडवून ठेवू नये. 1923 च्या कांतो भूकंपाच्या स्मरणार्थ 1 सप्टेंबर हा आपत्ती-प्रतिबंध दिन मानला जातो आणि त्या सुमारास सराव होतात. अग्निशामक नळकांडे हाताळणे आणि जवळचे आश्रयस्थान पाहणे यासाठी त्यांत जावेच. वर्षअखेरीस अनेक आळ्यांत लाकडी ठोकळे वाजवत, आगीपासून सावध राहण्याची हाक देत रात्रीची फेरी निघते. तिच्यात चालायला मनुष्यबळ नेहमीच कमी असते.

अशा कामांत दिसू लागलेल्या माणसालाच उत्सवात खांदा द्यायला बोलावले जाते. मे महिन्यातील तिसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास आसाकुसात होणाऱ्या सान्जा उत्सवात आळ्यांच्या शंभराच्या आसपास मिकोशी, म्हणजे देवाच्या पालख्या, निघतात. टोकियोतील कान्दा या भागाच्या देवळाच्या उत्सवाचा मोठा सोहळा विषम वर्षांत मे महिन्यात असतो. ते पाहायला गर्दी जमते. परंतु आपल्या आळीच्या लहान देवळाची मिकोशी उचलणे हा निराळाच अनुभव आहे आणि त्यासाठीचा आखूड डगला बहुधा मंडळच देते. उन्हाळ्यातील बोन-ओदोरी नृत्याला तर निमंत्रणही लागत नाही: मधल्या मचाणाभोवतीच्या आतल्या रिंगणातील वयस्कर बायकांच्या हातापायांकडे पाहत बाहेरच्या रिंगणात सामील व्हावे, पाच-सहा फेऱ्यांत हालचाली बसतात. पहाटे लवकर उठणाऱ्यांनी साडेसहाला उद्यानात जावे. 1928 साली सुरू झालेला नभोवाणीवरील व्यायाम तेथे ज्येष्ठ मंडळी रोज एकत्र करतात.

सेन्तो, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह, यांचा संकोच मराठी माणसाला सर्वाधिक वाटतो. स्त्री-पुरुषांची दालने वेगळी असली तरी आत वस्त्राविना जावे लागते. टोकियोत मोठ्यांसाठीचा दर ऑगस्ट 2024 मध्ये 550 येन झाला. आधी बसून, साबण लावून अंग पूर्ण धुवावे, साबणाचा अंशही उरू न देता मगच हौदात उतरावे. छोटा टॉवेल पाण्यात बुडवू नये आणि लांब केस बांधावेत. ठरावीक वारी, ठरावीक वेळी जात राहिल्यास दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून लोक आपणहून बोलू लागतात.

शाकाहारी असाल, तर मिसो सूपमध्येही बहुधा सुक्या मासळीचा अर्क असतो हे ध्यानात ठेवून ‘कात्सुओ-दाशी’ आहे का, असे नेमके विचारावे. नुसते ‘मांस नको’ म्हटल्याने मासळी टळत नाही.

परतीच्या वेळीही हीच शिस्त पाळावी. जुने फर्निचर टाकण्यासाठी आधी नोंदणी करून दुकानातून 200 किंवा 300 येनच्या शुल्कपट्ट्या विकत घ्याव्या लागतात, आणि मार्च-एप्रिलच्या स्थलांतराच्या दिवसांत तारीख मिळायला कित्येक आठवडे लागू शकतात. त्यामुळे विमानाचे तिकीट काढताच ती नोंदणी करावी, वॉर्ड कार्यालयात स्थलांतराची नोंद द्यावी आणि ज्या घरांना येताना टॉवेल दिला होता त्यांचा निरोप घ्यायला प्रत्यक्ष जावे.